वाचायचं अडणं घराण्यातून येतं का? (लेक तिसरीत, ठाणे पूर्व)

कोपरीकर
मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं येतो, लिहायला मात्र आज पहिल्यांदा बसलो. चूकभूल सांभाळून घ्या.

लेक तिसरीत आहे, मराठी माध्यम, गेल्या महिन्यात आठ पूर्ण झाली. बोलायला नुसती पोपट. आजीची गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोरांना आवाज काढून सांगते. भाजीवाल्याकडून सुटे किती परत यायचे ते माझ्याआधी तिला कळतं. पण पुस्तक उघडलं की गाडी यार्डात उभी. 'घर'ला 'धर' म्हणते, 'भात'चा 'मात' होतो, जोडाक्षर आलं की ओळ सोडून माझ्या तोंडाकडे बघते. धडा पाठ असेल तर बोट फिरवत घडाघडा म्हणते. वाटतं, आलं! बघावं तर बोट भलत्याच ओळीवर.

शाळेत बाई म्हणाल्या, "हुशार आहे, पण कष्ट नकोत." हे वाक्य मी माझ्या लहानपणी ऐकलंय, शब्दाला शब्द. घरी सासूबाई बोलून गेल्या की आमच्याकडे सगळे शिकलेले, हे तुमच्याकडचंच असणार. बायको गप्प बसली. तिचं गप्प बसणं जास्त लागलं.

तर विचारायचं असं की हे खरंच घराण्यातून येतं का? येत असेल तर मेंदूच तसा घडलेला असतो का? मग आपण काय करायचं, हातावर हात ठेवून बसायचं? सोसायटीतल्या एकाने बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा रिपोर्ट देणाऱ्याचा नंबर दिलाय, सात हजार सांगतो. एमआरआय काढावा असंही मनात येतं. कुणाला माहिती असेल तर सांगा.

नाना_नौपाडा
बुधवार, सकाळी ६:१२

३४ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. आमच्या वेळी जीन्स म्हणजे विजार, आणि तीही वर्गात कुणाकडे नसे. रोज एक पान शुद्धलेखन, पाटीवर बाराखडी, दिवेलागणीला मोठ्याने वाचन. वर्गातली सगळी मुले वाचायला लागत. आधी मोबाइल काढून घ्या.

टवाळ_तलावपाळी
बुधवार, सकाळी ९:०५

नाना, सगळी? शेवटच्या बाकावरची धरून? (हलके घ्या.)

सीवूड्सची_सई
बुधवार, सकाळी ९:५०

कोपरीकर, ते सात हजार खिशातच ठेवा. मी घातले आहेत. मुलगा पहिलीत असताना एका क्लासच्या माणसाने घरी येऊन दहाही बोटांचे ठसे घेतले, चाळीस पानी रंगीत रिपोर्ट दिला. त्यात मुलगा म्हणे 'गरुड' प्रकारचा. गरुड अजून वाचत नाही, त्याचं काय, विचारलं तर म्हणाला पुढचं पॅकेज घ्या. यालाच डीएमआयटी म्हणतात. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेच जाहीर केलंय की याला शास्त्रीय आधार नाही. बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असतानाच ठरतात, त्या बघून तिसरीतलं पोर काय वाचेल ते कळत असतं तर बारशालाच प्रगतिपुस्तक दिलं असतं.

मिडब्रेन ॲक्टिव्हेशनवाले पण येतील, डोळ्याला पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे. पट्टीच्या फटीतून नाकाच्या कडेने दिसतं, एवढंच त्यातलं विज्ञान.

संपादक
बुधवार, सकाळी १०:३०

याखालचा एक प्रतिसाद उडवला आहे. क्लासची जाहिरात आणि मोबाइल नंबर इथे टाकू नयेत.

सुरंगी
बुधवार, रात्री १०:२०

काम जनुकांशीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

पहिला प्रश्न, घराण्यातून येतं का? हो, बरंचसं. हे कळलं जुळ्यांवरून. हुबेहूब जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखी, साध्या जुळ्यांची साधारण निम्मी सारखी, जशी कुठल्याही भावंडांची. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात, एकच चपाती-भाजी खातात. तरीही वाचनात हुबेहूब जुळी एकमेकांच्या फार जवळ निघतात, साधी जुळी तेवढी नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये यावर अनेक वर्षं काम झालं. वाचनअक्षमतेत, म्हणजे डिस्लेक्सियात, मुलामुलांमधल्या फरकाचा साधारण ४० ते ७० टक्के वाटा जनुकांचा, असं या अभ्यासांतून येतं. आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला असण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नाणं उडवल्यासारखं. सासूबाईंना सांगा, नाणं कुणाच्या खिशातलं हे विचारून काही मिळत नाही.

मग 'ते' जनुक कुठलं? इथे गंमत आहे. १९८३ मध्ये पंधराव्या गुणसूत्राकडे बोट गेलं, १९९४ मध्ये सहाव्याकडे. २००५ च्या सुमारास तर नावं लागली: डीसीडीसी२, केआयएए०३१९, रोबो१. रोबो म्हणजे यंत्रमानव नव्हे, 'राउंडअबाउट'. फळमाशीत हे जनुक बिघडलं की मज्जातंतू शरीराची मधली रेघ ओलांडून परत परत गोल फिरतात, माजिवड्याच्या चौकात नवखा माणूस फिरतो तसे. पेपरांत तेव्हा 'वाचनाचं जनुक सापडलं' असे मथळे आले. ते ओसरले. २०२२ मध्ये फार मोठा अभ्यास आला: डिस्लेक्सियाचं निदान झाल्याचं सांगणारी ५१,८०० माणसं आणि तसं नसलेली १०,८७,०७० माणसं. त्यात जनुकसंचातल्या ४२ जागा सापडल्या आणि २००५ ची ती प्रसिद्ध मंडळी त्या यादीत ठळकपणे आलीच नाहीत. एकेका जागेचा वाटा चिमटीएवढा. सगळ्या चिमट्या गोळा करून गुणांकन काढलं तरी वाचनातला फार तर ६ टक्के फरक सांगता येतो. आणि ही सगळी युरोपीय वंशाची माणसं होती, त्यामुळे तो हिशेब आपल्याकडे उचलून लावताही येत नाही. तेव्हा थुंकी घेऊन 'तुमचं मूल वाचेल का' सांगणारा कुणी भेटला तर सईंच्या गरुडाची आठवण ठेवा.

आता मेंदू. लिहिणं-वाचणं माणसाकडे आलं त्याला पाचेक हजार वर्षं झाली. एवढ्यात मेंदूत वाचनाचा नवा अवयव उगवत नाही. मग वाचतो कशाने? १८९२ मध्ये पॅरिसच्या देजेरीन नावाच्या डॉक्टरांनी एका कापड व्यापाऱ्याची हकीकत मांडली. मेंदूतल्या रक्तप्रवाहाच्या बिघाडाने त्याचं वाचन एका झटक्यात गेलं. आकडे वाचता येत, लिहिता येत असे, पण स्वतः लिहिलेलं स्वतःला वाचता येईना! मेल्यावर मेंदू तपासला तर डाव्या बाजूला मागे इजा. आज आपल्याला माहीत आहे की डाव्या बाजूला, कानाच्या मागे खालच्या अंगाला, एक छोटा पट्टा असतो. वाचायला शिकण्याआधी तो चेहरे, वस्तू असलं काहीबाही ओळखण्यात गुंतलेला असतो. शिकल्यावर तो अक्षरांचा होतो. स्तानिस्लास देहान हे फ्रेंच शास्त्रज्ञ याला जुन्या मज्जापेशींचा नवा वापर म्हणतात. आपल्या भाषेत, जुन्या साडीची गोधडी.

हा पट्टा एकटा काही करत नाही. बोललेले आवाज सांभाळणारा भाग कानाच्या वर, शब्द जुळवणारा भाग पुढे, आणि यांना जोडणारे तंतूंचे जाड जुडगे. डिस्लेक्सिया असलेल्यांत डाव्या बाजूच्या या साखळीत हालचाल सरासरीने कमी दिसते. २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणाऱ्यांची तुलना झाली. इटालियन लिपी सरळ, जसं लिहाल तसं वाचाल, म्हणून इटालियन मंडळी कमी चुकत होती. मेंदूतला फरक मात्र तिघांचा एकाच जागी.

पण 'सरासरीने' हा शब्द विसरू नका. शंभर मुलांच्या दोन गटांत फरक दिसतो, एका मुलीच्या एमआरआयवर तो बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून यासाठी एमआरआय काढू नका. आणि कमी वाचल्यानेही मेंदू तसा दिसू शकतो, म्हणजे आधी कोंबडी की अंडं हा घोळ आहेच. त्यासाठी घरात इतिहास असलेल्या, अजून अक्षरओळखही नसलेल्या लहानग्यांचे मेंदू पाहिले गेले. थोडा फरक तेव्हापासूनच दिसला. थोडा. सगळा नाही.

टवाळ_तलावपाळी
बुधवार, रात्री १०:४१

वाखूसा (वाचनखूण साठवली). माजिवड्याच्या चौकाला आता शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली हे बघून ऊर भरून आला.

नाना_नौपाडा
गुरुवार, सकाळी ६:०५

सुरंगीताई, ७० टक्के जनुकांचे असेल तर मास्तर उरला ३० टक्क्यांचा. म्हणजे आम्ही फळ्यापुढे तपकीर ओढत बसलो असतो तरी चालले असते?

सुरंगी
गुरुवार, दुपारी १:३०

नाना, नाही हो. इथेच सगळे घसरतात. तो आकडा एका मुलाच्या वाचनाची वाटणी नव्हे, मुलामुलांमधल्या फरकाची वाटणी आहे. आणि परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. तुमच्या वर्गात सगळ्यांना एकच मास्तर, एकच पाटी, एकच शिस्त. तेव्हा शिकवण्यात फरक उरलाच नाही, जो फरक दिसला तो बराचसा जन्मजात. मास्तर जितका सगळ्यांना सारखा चांगला, तितका जनुकांचा टक्का वर जातो. तुमचं शिकवणं त्या आकड्यात दिसत नाही, कारण ते सगळ्यांना मिळालं.

याचा पडताळाही झालाय. ऑस्ट्रेलियात मुलांना बालवर्गापासूनच वाचायला शिकवतात, तिथे त्या वयातच जनुकांचा वाटा मोठा निघाला. स्वीडन-नॉर्वेत शाळेतलं वाचन सातव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतं. तिथे बालवर्गात तो वाटा कमी, घरात कुणी शिकवलं की नाही याला महत्त्व जास्त. पहिली संपेपर्यंत तिथलाही आकडा वर चढला. मुलं तीच, जनुकं तीच.

आणि जन्मजात म्हणजे न बदलणारं, हेही खरं नाही. लखनौजवळच्या खेड्यांत तिशीच्या आसपासच्या निरक्षर बायकांना सहा महिने देवनागरी शिकवली, आधी-नंतर मेंदूचे स्कॅन घेतले. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वरवरचेच नाही, तर मेंदूच्या खोल तळघरातल्या भागांचे परस्परसंबंधही बदललेले दिसले. अमेरिकेत ८ ते १० वर्षांच्या, वाचन अडणाऱ्या मुलांना १०० तास नेमकं प्रशिक्षण दिलं, तर डाव्या बाजूच्या तंतूंच्या जुडग्यांची गुणवत्ता सुधारलेली आढळली. हे २००९ चं. कोपरीकर, तुमच्या लेकीच्या वयाची मुलं.

नाना_नौपाडा
गुरुवार, दुपारी ४:२०

टक्के वर जाण्याचा मुद्दा समजला. पटला असे म्हणत नाही. शेवटच्या बाकावर दरवर्षी दोन-तीन असत. त्यांची नावे अजून आठवतात, पहिल्या बाकावरच्यांची आठवत नाहीत.

विशेषबाई_नेरूळ
गुरुवार, रात्री ९:१५

नेरूळला रेमेडियल, म्हणजे वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांची खास शिकवणी घेते, १९ वर्षं झाली. जनुकं-मेंदू सुरंगीताईंनी मांडलंच आहे, मी टेबलाच्या या बाजूचं सांगते.

कोपरीकर, 'घ-ध', 'भ-म' हे आमच्याकडे रोजचं. लोकांना वाटतं या मुलांना अक्षरं उलटी दिसतात. उलटी दिसत नाहीत हो. डोळ्याचा दोष बहुतेकदा नसतोच, गाठ असते आवाज आणि अक्षर यांच्यामधली. घरच्या घरी एक करून बघा, परीक्षा म्हणून नाही, खेळ म्हणून. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'मळ' म्हणाली तर पुढे जा: 'पाणी'मधला नुसता 'प्' काढ. 'आणी' यायला हवं. याच ठिकाणी आमची बरीच पोरं अडतात, पुस्तक मिटलेलं असतानाही. अख्खं अक्षर सुटं करता येतं, त्याच्या पोटातला आवाज सुटा होत नाही.

आपली लिपी सोपी म्हणतात. बोलू तसं लिहितो, इंग्रजीपेक्षा खरंच बरी. म्हणूनच मराठीत ही मुलं उशिरा लक्षात येतात. चुकत कमी, पण कासवासारखी वाचतात. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. आणि लिपीत खाचखळगे आहेतच. ह्रस्व वेलांटी बघा. 'दिवा'मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते, तोंडाने आधी 'द' म्हणायचा. देवनागरी वाचणाऱ्यांवर यावर प्रयोग झालेत, अशा शब्दांना वेळ जास्त लागतो, चांगल्या वाचकांनासुद्धा. मी मुलांना सांगते, वेलांटीबाई दारात आधी येऊन उभी राहते, पण आत जाते पाहुण्याच्या मागून. रफाराचं याच्या उलट: तोंडात आधी, कागदावर नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर. आणि 'र' तर बहुरूपी: 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र', 'दऱ्या'. एकच आवाज, चार वेष. तुमची मुलगी जोडाक्षराला थांबते ती आळसाने नाही.

आणखी एक. मुलगी आहे आणि तुम्ही आत्ताच विचारताय, बरं केलंत. मुली वर्गात दंगा करत नाहीत म्हणून सुटून जातात. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये १९९० ला पाहिलं होतं: शाळेने शोधलेल्यांत मुलगे कितीतरी जास्त, पण सगळ्या मुलांची सरसकट तपासणी केली तर मुलगे-मुली जवळपास सारखे.

कागदपत्रांचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. आपल्या राज्यात दहावीला सवलती १९९६ पासून आहेत: जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक, वगैरे. दाखला सरकारी रुग्णालयाच्या चाचण्यांवर मिळतो, साधारण आठव्या वर्षानंतर. तुमचं वय बरोबर आलंय. मराठीतून चाचणी व्हायला हवी यावर अडून बसा. मराठी माध्यमाच्या मुलीला इंग्रजी शब्दांची यादी वाचायला देऊन काय कळणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी तयार केली आहे, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे.

रोज वीस मिनिटं. जास्त नाही. रडारड झाली की मिटवा. आणि "बघून लिहून काढ दहा वेळा" बंद करा, ती चित्र काढते, वाचत नाही. (नाना, माफ करा.)

लॉगिन_विसरलो
गुरुवार, रात्री ११:५८

जुना आयडी आठवत नाही, नवीन काढला, यातच काय ते समजा.

ऐरोलीत आयटीत आहे, वय ३६. निदान झालं ३१ व्या वर्षी, तेही मुलाचं करायला गेलो तेव्हा. बाई मुलाला विचारत होत्या आणि मी बाजूला बसून मनातल्या मनात चुकत होतो. कोड वाचताना अडत नाही, ओळी छोट्या, रंग वेगळे, तेच शब्द परत परत. पण एचआरची दोन पानी मेल आली की प्रिंट काढून पट्टी ठेवून वाचतो. लग्नाच्या पत्रिका वाचतच नाही, तारीख बायकोला विचारतो. वाचायला येतं, फक्त दुसऱ्यांना उतार लागतो तिथे मला चढ लागतो.

एकच सांगतो, लेकीला 'कष्ट नकोत' म्हणू नका. दुप्पट कष्ट चाललेले असतात, दिसत नाहीत.

कोपरीकर
शुक्रवार, रात्री १२:५०

सगळं दोनदा ऐकलं.

हो, ऐकलं. इथे न लिहिता नुसतं वाचणारे लोक 'वाचनमात्र' आहे म्हणतात, मला तेही म्हणता येत नाही. मोबाइल वाचून दाखवतो, मी कानाला लावून ऐकतो. हा धागाही बोलूनच लिहिलाय. रबाळ्याला एमआयडीसीत लेथवर आहे, ड्रॉइंग बघून जॉब काढतो, मायक्रॉनमध्ये चूक नाही. नोटीस बोर्डावर काही लागलं की म्हणतो, "काय रे नवीन काय?" आणि कुणीतरी सांगतं. बारा वर्षं झाली, कुणाला कळलेलं नाही. बायकोला माहीत आहे. म्हणून ती गप्प बसली असणार.

परवा सुरंगीताईंचा तो ४५ टक्क्यांचा आकडा ऐकला आणि बाबा डोळ्यांपुढे आले. वागळे इस्टेटला कंपनीत होते. रोज सुटल्यावर पेपर घेऊन यायचे. खुर्चीत बसून अर्धा तास पेपर पसरून धरायचे, कुणी बोललेलं चालायचं नाही. मग मला हाक मारायचे, "चष्मा सापडत नाहीये, मथळे वाच बघू." मी अडखळत वाचायचो, ते ओरडायचे नाहीत कधी. शेजारचे बाप बदडायचे, हे नाही. मला वाटायचं बाबा मऊ स्वभावाचे. चष्मा खिशात असायचा हो. तेव्हाही दिसत होता.

ते गेले त्याला सहा वर्षं झाली. विचारायचं राहून गेलं, आणि विचारलं असतं तरी चिडले असते.

सीवूड्सची_सई
शुक्रवार, सकाळी ८:३०

कोपरीकर, हे बायकोला सांगा. तिला माहीत असलं तरी. आणि सासूबाईंना सांगायचं की नाही ते तिला ठरवू द्या.

टवाळ_तलावपाळी
शुक्रवार, सकाळी ९:१०

आज टवाळी नाही. कोपरीकर, कधी तलावपाळीला आलात तर चहा माझ्याकडून.

लॉगिन_विसरलो
शुक्रवार, सकाळी ९:२२

बोलून लिहिण्यात लाजायचं काय, मीही तेच करतो. ॲप कुठलं वापरता? माझं 'ळ' खातं.

विशेषबाई_नेरूळ
शुक्रवार, दुपारी २:००

कोपरीकर, तुम्ही रोज ट्रान्सहार्बरने जाता. लेकीला एक दिवस घेऊन जा. फलाटावरच्या पाट्यांपेक्षा चांगलं पुस्तक नाही: अक्षर मोठं, ओळीला एकच शब्द, आणि पुढच्या फलकावर तोच शब्द परत. वाचलं तर वाचलं, नाहीतर गाडी सुटते, रागवायला कुणाला वेळच नाही. आणि तुम्हीही वाचा. तिच्यादेखत. अडलात तर अडा.

सुरंगी
शुक्रवार, रात्री ८:४५

मी वर नाण्याचं लिहिलं ते जरा उडतं लिहिलं. तुमचा दुसरा प्रतिसाद आल्यावर परत वाचलं. आकडा बरोबर आहे, तो सांगायची तऱ्हा बरी नव्हती.

कोपरीकर
सोमवार, रात्री १०:१५

सुरंगीताई, तसं काही नाही. आकडा ऐकून उलट हलकं वाटलं, इतकी वर्षं मी ते स्वतःचा आळस समजत होतो.

रविवारी लेकीला घेऊन ठाणे-वाशी केलं. गाडी उभीच होती, खिडकी मिळाली. 'दिघा गाव'ला तिने आधी नुसतंच तोंड उघडलं. वेलांटीबाईची गोष्ट सांगितली, तर म्हणाली मग बाहेर थांबवायचं कशाला तिला, आत घ्या. 'ऐरोली' चटकन. 'रबाळे' पाठ, बाबांचं स्टेशन, ते मी वाचण्यात धरलं नाही. पुढे ती म्हणाली 'धणसोली'. मी पाटीकडे बघितलं आणि खरं सांगतो, मलाही दोनदा बघावं लागलं. मग दोघांनी मिळून ठरवलं, 'ध'च्या डोक्यावरची रेघ तुटकी, 'घ'ची अखंड. गाडी सुटेपर्यंत तिने दुसऱ्या फलकावर पण तपासून घेतलं. कोपरखैरण्याला दारात गर्दी, काही दिसलं नाही.

शाळेकडून पत्र मिळालंय, पुढच्या आठवड्यात रुग्णालयात नंबर लावायचा आहे. बायको येणार आहे. तिनेच सुट्टी टाकली.

आता एक अडलंय. तुर्भ्याला ती 'तुभेर' म्हणाली. मी म्हटलं 'र' आधी बोलायचा. तर विचारते, आधी बोलायचा तर आधी लिहिला का नाही, वर कशाला ठेवला? मला उत्तर आलं नाही. उद्या सांगतो म्हटलंय. कुणी सांगेल का?

नाना_नौपाडा
मंगळवार, सकाळी ५:५५

सांगा तिला, आत जागा मिळाली नाही म्हणून टपावर चढला. आम्ही असेच सांगत असू. फक्त गाडीच्या टपावर चढायचे नसते, हेही लगेच सांगा.